मिशीवाल्या माशांची सकाळ : उजनीच्या काठावरून आलेले प्रश्न

प्रश्न : आम्ही चार मित्र जानेवारीतील एका रविवारी पहाटे उजनीच्या भिगवण बाजूच्या पाणफुगवट्यावर गळ घेऊन गेलो होतो. उजाडण्याच्या सुमारास आम्हाला दोन शिंगाळे लागले. त्यांतील मोठा दीड किलोच्या आसपास होता. सूर्य वर आल्यानंतर मात्र साडेदहापर्यंत एकाही गळाला ओढ लागली नाही. जागा तीच होती आणि गांडुळांचे आमिषही तेच होते. असे का व्हावे? – एक वाचक, हडपसर

उत्तर : आपल्या आमिषात किंवा कौशल्यात काही उणे नव्हते. उणी पडली ती पाण्याची खोली, आणि तीही उजेड पडल्यानंतर.

शिंगाळा, शिवडा, मांगूर या मिशीवाल्या माशांना खवले नसतात. त्यांचे डोळे अंगाच्या मानाने लहान असतात आणि अन्न शोधताना त्यांचा खरा भरवसा मिशांवर व कातडीवर असतो. आपल्या जिभेवर ज्या रुचिकलिका असतात, त्या या माशांच्या मिशांवर, ओठांवर आणि सबंध अंगावर पसरलेल्या असतात. अमेरिकेतील यलो बुलहेड या याच गणातील लहानशा माशाच्या अंगावर पावणेदोन लाखांहून अधिक रुचिकलिका असल्याचे आढळले आहे. याशिवाय सजीवांच्या शरीराभोवती जे अत्यंत क्षीण विद्युतक्षेत्र असते, त्याची जाणीव करून देणारी सूक्ष्म इंद्रियेही त्यांच्या कातडीत असतात, त्यामुळे चिखलात दडलेली अळी किंवा कोळंबी त्यांना न दिसताही सापडते. नजरेवर जगणाऱ्या लहान माशांना अंधारात आणि गढूळ पाण्यात काही सुचत नाही, तेव्हा शिंगाळ्याचे फावते आणि तो खोल पाणी सोडून काठाकडे चरायला येतो. उजेड पसरला की त्याची ही सरशी संपते व तो पुन्हा खोलात जाऊन बसतो.

आता भिगवणच्या पाण्याचा विचार करा. कुंभारगाव आणि आसपासच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कारण तेथे दूरपर्यंत उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ असतो. जेथे रोहित पाण्यात उभा राहून चरू शकतो, तेथे भर उन्हात शिंगाळा थांबणार नाही. आपण गळ तीस मीटर आत फेकला असला, तरी बहुधा तो कंबरभर पाण्यातच पडला असेल. पहाटे तेवढे पाणी पुरेसे होते, साडेआठला ते पुरले नाही.

धरण होण्यापूर्वी भीमा ज्या पात्रातून वाहत होती, ते पात्र जलाशयाच्या तळाशी आजही आहे आणि दिवसा मोठे मासे त्याच्या कडेने राहतात. हे पात्र नेमके कोठून जाते, हे काठावरच्या ज्येष्ठ माणसांना चांगले ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी बरेच उतरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडते, जुन्या बांधांच्या आणि रस्त्यांच्या खुणा दिसू लागतात. त्या दिवसांत एकदा काठाने फिरून तळाची ठेवण मनात साठवून ठेवावी, असे मी प्रत्येक नव्या गळकऱ्याला आवर्जून सांगेन. त्याचा उपयोग पुढची कित्येक वर्षे होतो. उजाडल्यानंतर आपण जागा बदलून, एखादा ओढा जुन्या पात्राकडे जेथे उतरतो किंवा जेथे काठ एकदम खोल होतो, अशा ठिकाणी बसला असता, तर आणखी एखादा मासा लागण्याची शक्यता बरीच होती.

शांततेचाही प्रश्न आहे. या माशांच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीपासून, अंतर्कर्णापर्यंत सूक्ष्म हाडांची एक साखळी असते आणि त्यामुळे पाण्यातील हादरे त्यांना फार स्पष्ट कळतात. काठावर गप्पा मारल्याने फारसे बिघडत नाही, कारण हवेतील आवाज पाण्यात फार थोडा उतरतो. परंतु दगड आपटणे, पाण्यात पाय मारत फिरणे किंवा होडीच्या तळावर डबे सरकवणे यांमुळे मासा नक्कीच दूर जातो. मित्रांबरोबर जाण्याचा आनंद मोठा असतो, आणि तो टिकवूनही इतके पथ्य सहज पाळता येते.

राहिला ऋतूचा मुद्दा. थंड पाण्यात या माशांचे चयापचय मंदावते व भूक कमी होते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये पाणी तापू लागते, वीण अजून सुरू झालेली नसते, आणि म्हणून शिंगाळ्यासाठी तोच काळ मला सर्वांत योग्य वाटतो.

प्रश्न : त्याच सकाळी गळ सोडवताना आमच्या एका मित्राच्या तळहातात माशाचा काटा घुसला. दिवसभर असह्य ठणका होता. हा काटा विषारी असतो का? – तेच वाचक

उत्तर : सौम्य प्रमाणात, होय. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या पराच्या पुढे एक आणि कल्ल्यांमागच्या दोन्ही परांना एकेक असे तीन बळकट काटे असतात. धोका जाणवला की तो हे काटे ताठ उभारून सांध्यातच अडकवून ठेवतो, म्हणूनच ते दाबून मिटत नाहीत. या गणातील अनेक जातींमध्ये काट्यावरील कातडीत विषग्रंथी असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जातींची संख्या किमान १२५० असावी, असा अंदाज मांडला गेला. आपल्याकडील शिंगी या सडपातळ, काळसर माशाचा काटा या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे.

काटा लागल्यास प्रथम जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. दुखऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने आधी अंदाज घ्यावा. उष्णतेने विषातील प्रथिनांचा प्रभाव कमी होतो आणि ठणका उतरतो. चहासाठी थर्मासमध्ये गरम पाणी नेतच असाल, तर थोडे जास्त न्यावे. जखमेत हळद, तंबाखू किंवा चुना भरू नये. काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल, दुसऱ्या दिवशी सूज वाढली किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. गोड्या पाण्यातील काही जिवाणूंमुळे असा संसर्ग झपाट्याने पसरू शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर तेही घ्यावे.

प्रश्न : आम्हाला इंदापूरजवळ सुमारे तीन किलोचा, काळपट, चपट्या डोक्याचा मिशीवाला मासा लागला. काठावरील एकाने तो मांगूर असल्याचे सांगितले. आम्ही कोणताही मासा मारत नाही, म्हणून तोही पाण्यात सोडून दिला. आता मित्रांमध्ये वाद आहे की सोडला ते चूक की बरोबर. – एक वाचक, बारामती

उत्तर : आपली भावना मी मनापासून मानतो, तरीही हा मासा परत सोडायला नको होता, असेच मला स्पष्ट सांगावे लागेल.

आपण केलेल्या वर्णनावरून तो आफ्रिकी मांगूर होता. भारतातील मूळचा मांगूर अर्ध्या मीटरपेक्षा कमी लांबीचा राहतो आणि तीन किलोपर्यंत पोचत नाही. आफ्रिकी मांगूर मात्र याच्या कित्येक पट वाढतो. तो अत्यंत खादाड आहे. लहान मासे, अंडी, बेडूक, कीटक, कुजके मांस असे जे मिळेल ते तो खातो, आणि कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावरही तो झपाट्याने वाढत असल्यामुळे चोरून त्याचे तलाव चालवले गेले. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली आणि राष्ट्रीय हरित लवादानेही पुढे त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश दिले, पण तलावांतून निसटलेले मासे तोवर नद्यांत पोचले होते.

उजनीसारख्या जलाशयात त्याला आणखी एक सोय आयती मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांवाटे येथे उतरते, त्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ माजते, आणि रात्रभर श्वसन करणाऱ्या त्या शेवाळामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. अशा वेळी इतर मासे गुदमरतात. मांगुराच्या कल्ल्यांजवळ हवा घेणारे एक शाखायुक्त इंद्रिय असते, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन सरळ हवेतून श्वास घेतो व तगून राहतो. म्हणजे पाणी जितके बिघडेल, तितकी त्याची बाजू वरचढ होते आणि शिंगाळ्याची पडती.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीजवळ पोचतो आणि त्या पराला काटा नसतो. शिंगाळ्याच्या पाठीवर पुढे काटा असलेला आखूड पर व मागे एक मांसल पर असतो आणि त्या मांसल पराच्या मागच्या टोकाशी ठळक काळा ठिपका दिसतो. लहान मांगूर सापडला, तर तो देशी की आफ्रिकी हे सहज कळत नाही, आणि देशी मांगूर आज संकटग्रस्त असल्याने घाई करणे योग्य नाही. त्याला झाकण लावलेल्या बादलीत थोड्या पाण्यात ठेवून काठावरील जाणत्या मच्छीमाराला दाखवावे. बादलीतही तो सहज जगतो. आफ्रिकी असल्याची खात्री पटली, तर डोक्यावर एक जोरदार आघात करून त्याला त्वरित मारावे आणि पुरून टाकावे. त्याला काठावर तडफडत टाकू नये, कारण ते क्रौर्य आहे, शिवाय तो सरपटत पुन्हा पाण्यात जाऊ शकतो. जिवंत मासा गावच्या विहिरीत किंवा शेततळ्यात नेऊन सोडणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

प्रश्न : उजनीत सकर मासाही सापडतो. तोही याच कुळातला का? – एक वाचक, करमाळा

उत्तर : गण तोच, कूळ निराळे. अंगावर हाडांसारखे कठीण कवच असलेला हा मासा दक्षिण अमेरिकेतील असून, काचेच्या टाक्यांतील शेवाळ साफ करण्यासाठी तो आपल्याकडे आणला गेला आणि नकोसा झाल्यावर लोकांनी तो नदी-तलावांत सोडला. त्याच्या खरबरीत काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. तो सहसा गळाला लागत नाही. लागलाच, तर मांगुराबाबत जे लिहिले तेच येथेही करावे.

प्रश्न : शिंगाळा खावा की सोडावा? सोडायचा असल्यास तो जगेल अशी काळजी कशी घ्यावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : शिंगाळ्याच्या मांसात बारीक काटे नसतात, त्याचा रस्सा उत्तम होतो आणि बाजारात त्याला चांगली मागणी असते, त्यामुळे खाण्यापुरता एखादा मध्यम मासा ठेवण्यात मला काही गैर वाटत नाही. मोठे मासे मात्र सोडावेत. एक मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत तर गळच बाजूला ठेवावा. या काळात शिंगाळ्याचा नर तळाशी खळगा करून अंड्यांची आणि पिलांची राखण करतो. त्याला उचलले की सगळी अंडी-पिले इतर माशांच्या तोंडी जातात. शिवडा, म्हणजे डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेल्या तोंडाचा, दोनच जोड्या मिशा असलेला लांबट मासा, आंतरराष्ट्रीय यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. तो नेहमीच सोडावा, असे माझे मत आहे.

सोडण्यासाठी सर्कल हुक वापरावा. त्याचे टोक आत वळलेले असल्याने तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, घशात जात नाही. मात्र ओढ लागताच हिसका देण्याची सवय मोडावी लागते. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणली गेल्यावर रील सावकाश गुंडाळत राहिले की पुरते. खवले नसल्यामुळे अंगावरचा बुळबुळीत थर हेच माशाचे संरक्षण असते, म्हणून हात ओले करूनच त्याला धरावे आणि कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या दगडावर ठेवू नये. गळ खोल गिळलेला असेल, तर ओढून काढण्यापेक्षा तंगूस तोंडाशी कापावी.

प्रश्न : पुढच्या खेपेस होडी घेऊन जुन्या पात्रावर जाण्याचा विचार आहे. परवानगी लागते का? – हडपसरचे तेच वाचक

उत्तर : राज्यातील जलाशयांतील मासेमारीचे हक्क साधारणपणे ठेक्याने किंवा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात, म्हणून गळ टाकण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आणि स्थानिक संस्थेकडे विचारून रीतसर परवानगी घ्यावी. भीमेकाठची भोई कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर पोट भरत आली आहेत. त्यांच्या जाळ्यांच्या बोयांजवळ गळ टाकू नये, आणि गळ जाळ्यात अडकलाच, तर जाळे न कापता आपली तंगूस कापावी.

होडीबाबत मी अधिक कठोर आहे. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उजनीचे पाणी इतके विस्तीर्ण आहे की वारा सुटल्यावर थोड्या अवधीत मोठ्या लाटा उठतात, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर असा वारा अचानक येतो. चौघांनाही मापाचे लाइफ जॅकेट मिळणार असेल, ते होडीत बसण्यापूर्वीच अंगावर चढवले जाणार असेल आणि वल्हे स्थानिक अनुभवी नावाड्याच्या हाती असेल, तरच जावे आणि दहाच्या आत काठाला लागावे. यांतील एकही गोष्ट जमत नसेल, तर काठावरूनच खोल पाण्याची जागा शोधावी. पहाटे शिंगाळा तेथेही येतो.