सहा व्होल्टची जुनी बुलेट बारा व्होल्टवर नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७० च्या दशकातली कास्ट आयर्न बुलेट ३५०, सहा व्होल्टची, प्रायमरी चेनकेसमधून (इंजिनच्या डाव्या बाजूची चेनची पेटी) अल्टरनेटरच्या तीन वायरी बाहेर येतात. रात्री हेडलाइट असून नसल्यासारखा, बॅटरी पंधरवड्यात बसते. मेकॅनिक म्हणतो, बारा व्होल्टची नवी कॉइल प्लेट, म्हणजे स्टेटर, टाका. टाकावी का?

लगेच टाकू नका. तीन वायरींचा, ब्रिटिश लुकास कंपनीच्या धाटणीचा अल्टरनेटर (गाडीची वीज बनवणारा भाग) ‘सहा व्होल्टचा’ असा मुळात नसतोच. क्रँकवर फिरणारा कायम चुंबकाचा रोटर आणि भोवती सहा गुंडाळ्यांचा स्टेटर, एवढाच त्याचा संसार. व्होल्टेज किती राहायचं ते बॅटरी आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) ठरवतात. इंजिन जोरात फिरू लागलं की गुंडाळ्यांचा स्वतःचाच विरोध वाढत जातो, म्हणून करंट साधारण ८ ते १० अँपिअरवर अडतो. हेच अँपिअर सहा व्होल्टवर घेतले तर ५०-६० वॅट, बारावर घेतले तर शंभराच्या वर. म्हणजे ताकद गाडीत आहेच, जुन्या वायरिंगमुळे ती वापरात येत नाही. जुन्या पद्धतीत रेग्युलेटरच नव्हता. लाइटचा खटका फिरवला की काही गुंडाळ्या जोडल्या जायच्या, काही सुटायच्या, आणि तेवढ्यावरच चार्जिंग कमी-जास्त व्हायचं. पन्नास वर्षांचा तो खटका आणि सेलेनियमच्या पट्ट्यांचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), हे दोघे तुमचे निम्मे वॅट वाटेतच खातात.

आधी स्टेटर तपासा, खरेदी नंतर. सहा व्होल्टची बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून बसवा, म्हणजे इंजिन चालू राहील. चेनकेसमधून येणाऱ्या तिन्ही वायरी जोडावरून सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांमध्ये बघा. काहीही कंटिन्युइटी दिसली तर गुंडाळी अर्थ झाली आहे, तिथेच थांबा. वायरी आपसांत एक ओहमच्या आत दाखवतील. साध्या मीटरवर त्या आकड्यांतून वायरी ओळखता येत नाहीत, नुसती तुटलेली नाही एवढं कळतं.

मग लोड देऊन चाचणी घ्या. पुस्तकी पद्धतीला एक ओहमचा, शंभर वॅटचा रेझिस्टर लागतो. तो नसेल तर कुठल्याही दुकानात मिळणारा ६०/५५ चा एच-फोर बल्ब घ्या आणि लो-हायच्या दोन्ही पिना एकत्र बांधा. तापल्यावर त्याचा रोध एक-सव्वा ओहमच्या आसपास येतो, म्हणजे आपलं काम झालं. मूळ रंग टिकले असतील तर हिरवी-काळी आणि हिरवी-पिवळी या दोन एकत्र, पांढरी-हिरवी वेगळी. तेलात मुरून सगळ्या सारख्याच तपकिरी झाल्या असतील तर तीन जोड्या शक्य आहेत: दोन एकत्र आणि तिसरी समोर. तिन्ही करून बघा. इंजिन अंदाजे ३००० आरपीएमला धरलं की बरोबर जोडीवर बल्ब पिवळट-पांढरा, स्वच्छ पेटतो आणि मीटर एसीवर साडेआठ-नऊ व्होल्ट दाखवतो. चुकीच्या जोडीवर तो तांबूसच राहतो. अर्ध्या मिनिटात आटपा, दोन्ही फिलामेंट एकदम पेटलेला बल्ब भयंकर तापतो. बरोबर सापडलेल्या जोडीवर तिथेच रंगीत टेप गुंडाळा.

तिन्ही जोड्यांत साडेआठाच्या जवळपासही पोचला नाही, तरच चेनकेस उघडा. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढायचं, खाली ट्रे ठेवायचा, मधला एकच मोठा नट सोडायचा, की झाकण येतं. आत चार गोष्टी बघा. एक, रोटरचं चुंबक: पान्याला तो नेटाने खेचतो का. दोन, रोटर आणि स्टेटर यांतली फट: चारी बाजूंनी किमान ०.२ मिलिमीटर हवी. लोखंडी फिलर गेज चुंबकाला चिकटतो आणि चुकीचं वाचन देतो, त्यासाठी प्लॅस्टिकची किंवा पितळी पट्टी वापरा. एका बाजूला घासल्याची चकाकी दिसली तर स्टेटरचे स्टड वाकलेत किंवा स्पेसर चुकलेत. तीन, बाहेर जाणारी केबल चेनला घासते आहे का आणि रबरी ग्रोमेट कडक झालंय का. बरेचसे ‘स्टेटर गेला’ प्रत्यक्षात या केबलचे असतात आणि शंभर रुपयांच्या वायरीत सुटतात. चौथी गोष्ट जरा लबाड आहे. या रोटरचा मधला पोलादी गाभा अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातून सैल होतो. मग आयडलिंगला खट-खट आवाज येतो आणि लोक बिग एन्ड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) गेला म्हणून इंजिन खोलतात. रोटर हातात घेऊन पिळून बघा, किंचित जरी हलला तरी बदला.

स्टेटर चांगला निघाला की खरं काम लहान आहे. सिंगल फेज, फुल वेव्ह (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरणारा) रेग्युलेटर-रेक्टिफायर घ्या: दोन एसी वायरी आत, प्लस आणि मायनस बाहेर, क्षमता १५ अँपिअर. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. स्वस्त कम्यूटर गाड्यांचा चार पिनांचा छोटा युनिट बरेच जण लावतात. तो हाफ वेव्ह, म्हणजे एकच अर्धी लाट वापरणारा, असतो आणि त्याला एक टोक अर्थ केलेली कॉइल लागते. तुमच्या स्टेटरची दोन्ही टोकं मोकळी आहेत, त्यामुळे तो एकतर काहीच देत नाही किंवा निम्मंच देतो. आधुनिक गाडीचा तीन पिवळ्या वायरींचा थ्री फेज युनिट मात्र दोनच पिवळ्या वापरून चालतो, तिसरी इन्सुलेट करून ठेवायची.

टेप लावलेल्या दोन वायरी एका एसी पिनला, उरलेली एक दुसऱ्या पिनला. त्यांना प्लस-मायनस नसतं, उलटसुलट झालं तरी बिघडत नाही. या वायरी आता लाइटच्या खटक्यातून अजिबात जाता कामा नयेत. हेडलाइटच्या नेसेलमध्ये (हेडलाइटभोवतीचं धातूचं घर) जाणारी जुनी टोकं कापू नका, इन्सुलेट करून मागे बांधा. इग्निशन स्विचवर इमर्जन्सीची खाच असेल तर तिचीही वायर काढा. त्या खाचेत अल्टरनेटर थेट इग्निशन कॉइलला जोडला जातो. युनिट तापतो, कारण तो जादा वीज स्वतःमध्येच जिरवतो. टूलबॉक्सच्या आत किंवा सीटच्या फोमला चिकटवून नको, वारा लागेल अशा धातूच्या पट्टीवर बसवा. बॅटरीपर्यंतची वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाका. अर्थसाठी चेसिसच्या रंगावर भरवसा नको: बॅटरीपासून इंजिनच्या बोल्टपर्यंत आणि युनिटपासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढा.

जुन्या काही गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात, म्हणून बॅटरीचं कोणतं टोक चेसिसला आहे ते आधी बघा. निगेटिव्ह अर्थ करत असाल तर अँमीटरच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल करा, नाहीतर काटा उलटा धावेल. त्याच वेळी अँमीटरचे नट आवळून घ्या, सगळी गाडी त्या दोन नटांतून जगते.

मग बाकीचं सगळं बारा व्होल्टचं: बल्ब, हॉर्न, फ्लॅशर आणि इग्निशन कॉइल. कॉइलचं विसरणं सगळ्यात महाग पडतं. सहा व्होल्टच्या कॉइलचा रोध दीड ओहमच्या आसपास. तिला बारा दिले की पॉइंटमधून (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आठ अँपिअर जातात आणि पॉइंट थोड्याच दिवसांत निळे पडतात. बारा व्होल्टची, ३ ते ३.५ ओहमची कॉइल घ्या. कंडेन्सर तोच चालतो. किक मारायची गाडी असल्याने बॅटरी १२ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची, सीलबंद, पुरेशी आहे.

आता हेडलाइट किती वॅटचा? इग्निशनला सरासरी १५-२० वॅट धरा, टेल ५, दोन टायगर लॅम्प (हेडलाइटच्या वरचे छोटे दिवे) मिळून ८, मीटर ३. वर ५५ चा लो बीम लावला तर ९० जवळ पोचलात. हायवेला हे सहज निभतं. पुण्यातल्या सिग्नलवर, आयडलिंगला, बॅटरीतून जातं. म्हणून माझं मत: ३५/३५ चा बल्ब, आणि गरज पडली तर रिले (हेडलाइटला बॅटरीतून थेट करंट देणारा विद्युत खटका). १०० वॅटचे ‘रॅली’ बल्ब या गाडीत टाकणाऱ्यांना काय म्हणावं! रिले हवाच असं नाही: बॅटरीच्या टोकांवर आणि हेडलाइटच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा, फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर लावा. एलईडी लावायचा असेल तर सगळं मोजून झाल्यावर.

मोजायचं असं. लाइट बंद, ३००० आरपीएम, बॅटरीवर डीसी १३.८ ते १४.५ व्होल्ट. लाइट चालू करून १३ च्या वर राहिला पाहिजे. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर खराब किंवा त्याची अर्थ कच्ची, बॅटरी उकळेल. आरपीएम वाढवूनही साडेबारालाच अडला असेल तर वायरींची जोडी चुकली आहे. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ गॅरेजमधली सवय इथे बंद. एका झटक्यात युनिट जातो.

शेवटी गाडी बंद असताना बॅटरीच्या वायरीत मिलिअँपिअर मोजा. दोन-चार ठीक. पन्नास दिसले तर पाच अँपिअर-अवरची बॅटरी शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत रिकामी होते. अशा वेळी आधी युनिटचं प्लस काढून पुन्हा मोजा, मग हॉर्न, मग ब्रेक स्विच.

काढलेला रेक्टिफायर, कॉइल आणि खटका डब्यात जपून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर मूळ सामान हाताशी असलेलं बरं.