संरक्षक प्रथिनं असूनही शुक्रजंतूंवर प्रतिपिंडं कशी चिकटली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीर्यतपासणीत तुमची ‘मार’ चाचणी ६२ टक्के आली, म्हणजे हलणाऱ्या शंभरांतल्या ६२ शुक्रजंतूंवर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) चिकटलेली दिसली. शुक्रजंतूंवर सीडी४६, सीडी५५, सीडी५९ अशी प्रतिकारयंत्रणेपासून वाचवणारी प्रथिनं असतात असं तुम्ही वाचलंत. मग ती असताना प्रतिपिंडं चिकटली कशी, की तुमच्यात ती प्रथिनंच नाहीत? शिवाय शुक्रजंतूंवर एचएलए, म्हणजे पेशी ‘आपली’ आहे हे ओळखायची खूण, असतं की नाही, हेही विचारलंय. वीर्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो. (चाचणीचं नाव ऐकूनच निम्मे लोक घाबरतात. ‘मार’ हे नुसतं आद्याक्षरांचं नाव आहे, त्यात कोणी कोणाला मारत नाही.)

या प्रथिनांचं काम प्रतिपिंडांना अडवण्याचं नाहीच. प्रतिपिंड चिकटल्यावर जे होऊ शकतं, ते अडवणं हे त्यांचं काम. प्रतिपिंड पेशीवर बसलं की कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी जागी होऊ शकते. एकेक घटक पुढच्याला चेतवत जातो आणि शेवटी सी९ या घटकाचे रेणू एकमेकांना जुळून पेशीच्या पटलाला आरपार गोल भोक पाडतात. सीडी५५ ही साखळी मध्येच मोडतं, आणि सीडी५९ अगदी शेवटी आडवं पडून सी९ जुळू देत नाही. दारावर नोटीस डकवणाऱ्याला ती थांबवत नाहीत, दार मात्र फोडू देत नाहीत. ही दोन प्रथिनं किती कामाची आहेत ते रक्तात दिसतं. एका दुर्मीळ आजारात ती पटलाला बांधून ठेवणारा जीपीआय नावाचा नांगरच काही रक्तपेशींत तयार होत नाही. मग स्वतःच्याच कॉम्प्लिमेंटने तांबड्या पेशी फुटतात आणि सकाळची लघवी गडद येते.

आता तुमचे ६२ टक्के बघा. या चाचणीत वीर्याच्या थेंबात प्रतिपिंड लावलेले लॅटेक्सचे बारीक मणी मिसळतात आणि त्यांना शुक्रजंतूंशी जोडणारा सीरम टाकतात. तीन मिनिटांनी बघायचं, दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं. मोजायचे ते फक्त हलणारे शुक्रजंतू. भिंगाखाली एखादा डोक्याला तीन-चार मणी चिकटवून अडखळत निघालेला दिसतो, दुसरा शेपटाच्या मधोमध मणी घेऊन गोल गोल फिरतो, तिसऱ्याच्या शेपटाच्या अगदी टोकाला एकच मणी लोंबत असतो. म्हणजे तुमचे ते ६२ टक्के शुक्रजंतू मोजले तेव्हा जिवंत होते, पोहत होते. प्रतिपिंडं बसली, पण भोकं पडली नाहीत. सीडी५९ नाही असा निष्कर्ष यातून निघत नाहीच, उलट ते आपलं काम करतंय असं म्हणायला जागा आहे. वीर्यातल्या द्रवातही कॉम्प्लिमेंट रोखणारे घटक असतात, त्यांचाही यात वाटा.

मग नुकसान कुठे होतं? बहुतेक वेळा वाहतुकीत. प्रतिपिंडाला निदान दोन हात असतात, त्यामुळे दोन शुक्रजंतू एकमेकांना बांधले जातात आणि त्यांचे पुंजके होतात. दुसरा प्रकार बघायला विलक्षण. आयजीए जातीचं प्रतिपिंड एका टोकाने शुक्रजंतूला धरतं आणि दुसऱ्या टोकाने गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावाला. शुक्रजंतू मरत नाही, थांबतही नाही, जागच्या जागी थरथरत राहतो. चिखलात चाक रुतलेल्या गाडीसारखा: इंजिन चालू, गाडी तिथेच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, स्लाईडच बिघडली.

सीडी४६ ची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते या तिघांत तेच सर्वांत मजेशीर. शरीरातल्या केंद्रक असलेल्या जवळपास सगळ्या पेशींवर ते उघड्यावर असतं. शुक्रजंतूत मात्र ते डोक्यावरच्या टोपीखाली, म्हणजे अ‍ॅक्रोसोमच्या आतल्या पटलावर दडलेलं असतं. टोपी फुटली तरच बाहेर येतं. ज्याला कवच म्हणायचं ते प्रवासभर आत कशाला ठेवायचं? २००३ साली जपानी संशोधकांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तपासले. त्यांच्या शुक्रजंतूंची टोपी वेळेआधी आपोआप फुटण्याचं प्रमाण वाढलं, पण नर वांझ झाले नाहीत. तेव्हा इथे त्याचं काम संरक्षणापेक्षा टोपी सांभाळण्याचं असावं. प्रतिकारयंत्रणेच्या घराण्यातली प्रथिनं शुक्रजंतूवर अशी दुसऱ्याच कामाला लागलेली पुष्कळदा दिसतात. बीजांडाला चिकटणारं इझुमो१ हे प्रथिन इम्युनोग्लोब्युलिनच्याच, म्हणजे प्रतिपिंडांच्या घराण्यातलं. २००५ मध्ये ते सापडलं आणि त्याला जपानमधल्या विवाहाशी जोडलेल्या इझुमो देवळाचं नाव दिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: शुक्रजंतूचा अंगरखा बराचसा उसना असतो. वृषणातून निघताना त्याचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की नवं प्रथिन बनवणं जवळजवळ बंद पडलेलं. पुढे वृषणाला लागून असलेल्या एपिडिडिमिसच्या साधारण सहा मीटर लांबीच्या वेटोळ्या नळीतून जाताना बाहेरून एकेक गोष्ट त्याच्यावर चढते. सीडी५२ हे प्रथिन तिथलंच. त्याचा प्रथिनाचा भाग जेमतेम १२ अमिनो आम्लांचा, बाकी सगळा साखरेचा पिसारा. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी५२ चा गाभा तोच, पण पिसारा वेगळा. एका वंध्यत्व असलेल्या स्त्रीच्या पेशींपासून जपानमध्ये मिळवलेलं प्रतिपिंड नेमकं शुक्रजंतूंवरच्या या पिसाऱ्याला धरतं. तेच धागेदोरे पकडून आता हॉर्मोनविरहित गर्भनिरोधक बनवायचे प्रयत्न चालू आहेत.

डीईएफबी१२६ हे प्रथिनही त्याच नळीत चढतं. मूळ घराणं जंतू मारणाऱ्या डिफेन्सिनांचं, पण शुक्रजंतूवर ते साखरेचा दाट थर देतं. त्याच्या जनुकातला डीएनएची दोन अक्षरं गळालेला प्रकार फार सर्रास आहे. त्याच्या दोन्ही प्रती तशा असलेल्या पुरुषांचे शुक्रजंतू संख्येने आणि हालचालीने नेहमीसारखे दिसतात, पण घट्ट जेलमधून नीट पुढे सरकत नाहीत. २०११ च्या अभ्यासात अशा जोडप्यांना गर्भ राहायला जास्त वेळ लागला. साध्या वीर्यतपासणीत हे दिसायचं नाही.

एचएलएबद्दल: १९७० मध्ये फेलू आणि दोसे यांनी शुक्रजंतूवर एचएलए असावं असं मांडलं, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. आजचं मत असं की पक्व शुक्रजंतूवर ते आढळत नाही. जुन्या गोंधळात वीर्यातल्या पांढऱ्या पेशींचा हात असू शकतो, कारण त्यांच्यावर एचएलए भरपूर असतं. एचएलए नसलेल्या पेशीला एनके पेशींनी, म्हणजे अशी खूण नसलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, गाठायला हवं. तिथे साखरेचा अंगरखा उपयोगी पडतो असं काही संशोधक मानतात.

तुमचं शरीर ‘उलटलं’ वगैरे मनात आणू नका. शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होऊ लागतात, तोवर प्रतिकारयंत्रणेने ‘आपलं कोण’ ही यादी कधीच केलेली असते. त्यामुळे ते भिंतीआड ठेवले जातात. नसबंदी, इजा, संसर्ग यांनी भिंतीला तडा गेला की ओळख नसलेला पाहुणा दिसतो. नसबंदीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांत ही प्रतिपिंडं सापडतात.

तर रिपोर्टवर दोन गोष्टी शोधा: मणी कुठे चिकटले आणि प्रतिपिंड आयजीजी होतं की आयजीए. फक्त शेपटाच्या टोकाला असतील तर त्याला फारसं महत्त्व देत नाहीत, ते प्रजननक्षम पुरुषांतही दिसतं. डोक्यावर असतील आणि पत्नीच्या तपासण्या ठीक असतील तर डॉक्टर आययूआय (धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा इक्सीकडे वळतील. इक्सीत शुक्रजंतू थेट बीजांडात सोडतात, त्यामुळे चिकटण्याचा आणि रुतण्याचा प्रश्नच उरत नाही. वीर्य धुतल्याने चिकटलेली प्रतिपिंडं निघतील या आशेवर राहू नका, ती सहजी सुटत नाहीत. स्टेरॉइडचा जुना सल्ला कोणी दिला तर आधी दुष्परिणाम विचारा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं हा त्यातला दुर्मीळ, पण कायमचं नुकसान करणारा.