इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ : एकाच वाद्याचे तीन सूर?

इलेक्ट्रॉन आणि त्याचे दोन जड भाऊ, म्युऑन आणि टाऊ, ही एकाच वाद्याची तीन कंपनं असतील का, आणि त्यांची वस्तुमानं म्हणजे त्या कंपनांच्या वारंवारता का, असं तुम्ही विचारलंय. कल्पना भाबडी मुळीच नाही. फक्त यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: पिढ्या (म्हणजे अशा सारख्याच, फक्त वस्तुमानात वेगळ्या कणांच्या आवृत्त्या) तीनच का, आणि वस्तुमानं एवढीच का. आधी ते सोडवून घेऊ.

साधं वाद्य धरलं तर गाडी लगेच अडते. तबल्याच्या पुडीला असंख्य कंपनं असतात, ती तिसऱ्यावर थांबत नाहीत. इथे मात्र प्रत्येक पिढीत एक न्यूट्रिनो (जवळपास वस्तुमानहीन कण) असतो, आणि झेड या जड कणाच्या विघटनावरून हलके न्यूट्रिनो तीनच निघतात. सर्न प्रयोगशाळेच्या लेप या कण-टक्कर यंत्रावर ती संख्या जवळपास नेमकी तीन आली. शिवाय म्युऑन हा ‘वरच्या सुरातला इलेक्ट्रॉन’ असता, तर एक फोटॉन (प्रकाशकण) सोडून तो सहज खाली उतरला असता. स्वित्झर्लंडमधल्या मेग प्रयोगाने २०१६ साली दाखवलं, की दहा लाख कोटी विघटनांत असं पाच वेळासुद्धा होत नाही.

मग वर्णपटाची, म्हणजे एखाद्या रचनेच्या सगळ्या सुरांच्या यादीची, वाट बंद झाली का? नाही, उलट खरी गंमत इथेच आहे. स्ट्रिंग सिद्धांतात (कण म्हणजे सूक्ष्म तारा मानणाऱ्या) अतिरिक्त मिती गुंडाळलेल्या असतात, आणि पिढ्या मोजायला त्या अवकाशावर डिरॅक क्रियाकाची (इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं समीकरण देणाऱ्या गणिती क्रियेची) शून्य आयगेनव्हॅल्यू, म्हणजे जणू शून्य वारंवारता, असलेली उत्तरं मोजतात. ही मोजणी अवकाशाच्या टोपोलॉजीवरून, म्हणजे त्याच्या भोकांसारख्या मूळ घडणीवरून, ठरते. अवकाश थोडा दाबला-ताणला तरी ती बदलत नाही. १९८५ साली कँडेलास, होरोविट्झ, स्ट्रोमिंजर आणि विटेन यांनी दाखवलं, की त्यांच्या रचनेत पिढ्यांची संख्या ऑयलर अंकाच्या (त्या घडणीचं मोजमाप असलेल्या पूर्णांकाच्या), चिन्ह सोडून, निम्मी येते. म्हणजे तीन पिढ्यांसाठी तो अंक अधिक किंवा उणे सहा हवा. इथे तीन पिढ्या म्हणजे षड्ज, गंधार, पंचम नव्हेत. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा एकाच षड्जात लावतात, तशा या एका सुरातल्या तीन तारा. तिघींचे विद्युतभार आणि दुर्बल अन्योन्यक्रिया (किरणोत्सारी विघटनामागचं बल) सारख्याच का, हेही त्यातून सहज उलगडतं. वस्तुमानातला फरक हिग्जशी, म्हणजे कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राशी, असलेल्या जुळणीतून नंतर येतो, आणि तो आकडा काढणं फार अवघड आहे.

फ्रेंच गणिती अ‍ॅलँ कॉन यांच्या ‘वर्णपटीय क्रिया’ या सिद्धांतात तर डिरॅक क्रियाकाचा वर्णपट हाच पाया आहे. पण वस्तुमानांचे मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) आणि तीन हा आकडा तिथे बाहेरूनच भरावे लागतात. त्यातून हिग्ज कणाचं वस्तुमान सुमारे १७० जीईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक, १००० एमईव्ही) यायचं. २०१२ साली मिळालं १२५, आणि मग आणखी एक क्षेत्र धरून सिद्धांत दुरुस्त करावा लागला. तरीही मला या कामाबद्दल आदर आहे. आकडा आधी सांगायची हिंमत त्यात होती.

वस्तुमानांबद्दल माझ्या मते सर्वांत विलक्षण गोष्ट जपानचे भौतिकशास्त्रज्ञ योशिओ कोइदे यांची. कॅल्क्युलेटर घ्या. वस्तुमानं एमईव्हीत ०.५११, १०५.६६ आणि १७७६.९, बेरीज १८८३.०७. वर्गमुळं ०.७१५, १०.२७९ आणि ४२.१५३, त्यांची बेरीज ५३.१४७, तिचा वर्ग २८२४.६. पहिल्या बेरजेला या वर्गाने भागा: ०.६६६७, म्हणजे दोन तृतीयांश! कोइदे यांनी हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं, तेव्हा टाऊचं मोजलेलं वस्तुमान १७८४च्या आसपास होतं आणि सूत्र १७७७ मागत होतं. १९९२ साली बीजिंगच्या मोजणीत ते १७७७च्या जवळ आलं.

तरी आक्षेप गंभीर आहे. वस्तुमान ऊर्जेबरोबर किंचित बदलतं, आणि उच्च ऊर्जेवरची मूल्यं घातली की ही नेमकी जुळणी बिघडते. मूळ नियम उच्च ऊर्जेवरचा असेल, तर जुळणी रोजच्या कमी ऊर्जेवर का?

कोइदेंची वर्गमुळं ही चक्राकार मॅट्रिक्सच्या (जिची प्रत्येक ओळ आधीची ओळ एक घर सरकवून मिळते) आयगेनव्हॅल्यू म्हणून मांडता येतात: एक सरासरी, १७.७२, भोवती १२० अंशांवर तीन बिंदू आणि सुरुवातीचा एक कोन. मांडून पाहा, कोन ०.२२२ रेडियन येतो, दोन नवमांशाच्या अगदी शेजारी. तो कोन बाहेरून न भरता ज्या क्रियाकातून आपोआप निघेल, तो मला हयातीत पाहायचाय.