'इन्फ्लेमेबल' म्हणजे 'अज्वलनशील' नव्हे

थिनरच्या डब्यावरच्या 'हायली इन्फ्लेमेबल'चं मराठी 'अज्वलनशील' छापलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नाही. अर्थ नेमका उलटा होतो.

'इन' दिसला की नकार, ही शाळेपासूनची सवय. इथला 'इन' नकाराचा नाही, तो 'पेटवणे' अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातला आहे. डॉक्टरांचं 'इन्फ्लमेशन' त्याच घरातलं. म्हणजे 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' एकच. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात, आणि 'अज्वलनशील' हा शब्द फक्त त्याच्यासाठी ठेवा.

या एका शब्दापायी सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते एका तपासणी कार्यालयाने (नाव नको). बरोबर मजकूर खोडून 'अज्वलनशील' केलेला परत यायचा. शब्दकोशाचं पान जोडलं तर उत्तर, 'आमच्या तक्त्यात असंच आहे.' तक्ता कुणी केला, देव जाणे! अशा वेळी शब्दकोश जोडूच नका. मालाच्या सेफ्टी डेटा शीटचा (उत्पादक देतो ते धोके आणि काळजीचं माहितीपत्रक) विभाग २ (धोक्याचं वर्गीकरण) आणि विभाग ९ (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) जोडा आणि दुरुस्ती लेखी मागा. तोंडी 'करून टाका' ऐकून छपाईला देऊ नका.

आता शब्द कोणता? माझं मत 'अत्यंत ज्वालाग्राही'. लाकूड, कोळसा, गोडेतेल जळतात, ते ज्वलनशील. ठिणगी लागताच ज्याची वाफ भडकते ते ज्वालाग्राही. थिनरमध्ये सहसा असणाऱ्या टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे ४ अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा उणे २०. पेट्रोलियमच्या नियमांत २३ अंशांखालचं सगळं 'अ' वर्गात जातं, २३ ते ६५ 'ब', ६५ ते ९३ 'क'. बरेच जण 'ज्वलनशील' सरसकट वापरतात. ते चूक म्हणणार नाही, पण फरक पुसला जातो. 'दाहक' मात्र नको, ते ॲसिडला शोभतं. 'स्फोटक' हा तर वेगळाच वर्ग.

मी कायद्याचा माणूस नाही. तुमच्या मालाला लागू नियमात ठरावीक शब्द दिला असेल तर तोच छापा.

जाता जाता, रिकाम्या पिंपावरचं लेबल खरवडू देऊ नका. आत उरलेली वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी बसून राहते, आणि त्याच पिंपाला कुणीतरी वेल्डिंग करायला घेतो.