ऑडीचा परिच्छेद काढून टाक

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

सर्बियातल्या गुन्हेगारी टोळ्यांवरच्या लेखाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊनच बसलो होतो. मेहनत पानापानावर दिसते, पण पहिला परिच्छेद काढून टाक. दुबईच्या वाफी मॉलमध्ये २००७ साली दोन ऑडी गाड्या दारं फोडून आत घुसल्या आणि चोरांनी दागिन्यांचं दुकान लुटलं, हे तू असं रंगवलंयस की वाचणारा टाळी वाजवेल. पुढे लंडनच्या चोरीतली क्रीमच्या डबीत लपवलेली हिऱ्याची अंगठी, त्यावरून या टोळ्यांना पडलेलं 'पिंक पँथर' हे नाव. घडलंय हे सगळं. पण टोकियोच्या गिंझा भागात २००४ साली ज्या दुकानातल्या माणसाच्या तोंडावर त्यांनी झोंबणारा फवारा मारला, तो माणूस तुझ्या एवढ्या मोठ्या लेखात कुठेच नाही.

रागावून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका टोळीच्या म्होरक्यावर मी लिहिलं होतं. त्याची गाडी, त्याचा दरबार, गल्लीतली त्याची वट, सगळं चवीचवीने लिहिलं. संपादक खूश झाले. दोन महिन्यांनी भलत्याच कामासाठी एका व्यायामशाळेत गेलो, तर आरशाशेजारी माझ्या लेखाचं कात्रण. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, आणि त्याच्या फोटोला कुंकवाचं बोट लावलेलं. सोळा-सतरा वर्षांची पोरं डंबेल मारता मारता त्याच्याकडे बघत होती. ज्यांना त्याने मारलं होतं, त्यांच्यापैकी एकाच्याही घरी मी गेलो नव्हतो. ते कात्रण मला अजून दिसतं.

मग सुरुवात कुठून करायची? सोबत एक नोट पाठवतोय. सर्बियाची राजधानी बेलग्रेड, तिथल्या जुन्या बाजारात घेतली होती. १९९३ सालची, पाचशे अब्ज दिनारची. पाचावर अकरा शून्यं, आपल्या हिशेबात पन्नास हजार कोटी. तिच्यावरचा दाढीवाला माणूस म्हणजे योवान योवानोविच झ्माय, पेशाने डॉक्टर आणि लहान मुलांसाठी कविता लिहिणारा कवी. जानेवारी १९९४ मध्ये तिथली महागाई महिन्याला ३१ कोटी टक्क्यांवर गेली होती. पगार हातात पडून बाजारात जाईपर्यंत त्याचं काही उरायचं नाही.

युगोस्लाव्हिया फुटताना पेटलेल्या युद्धापायी १९९२ च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी सर्बिया आणि मोंटेनेग्रोवर निर्बंध घातले होते. पेट्रोल रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतून विकलं जायचं. ते कुठून येत होतं? सीमेवरून, रात्री, आणि सीमाशुल्क खात्याला माहीत असताना. त्या खात्याच्या डोक्यावर तेव्हाचा सत्ताधीश मिलोशेविच याचा खास विश्वासातला माणूस बसलेला होता. मोंटेनेग्रोच्या किनाऱ्यावरून सिगारेटींची खोकी भरलेल्या स्पीडबोटी इटलीला जायच्या. आपल्याकडे सोन्यावर नियंत्रण होतं तेव्हा तस्कर कसे फोफावले हे तू वाचलंयस. तिथे त्याच्या पुढची पायरी गाठली गेली: तस्करीवर सरकारची तिजोरीच चालायला लागली. ज्या वाटा, ज्या होड्या, जे ओळखीचे अधिकारी तेव्हा तयार झाले, ते युद्ध संपलं म्हणून घरी बसले नाहीत.

आर्कानवर तू दोन पानं खर्च केलीस. अर्धं पान पुरे, आणि त्यात एकच प्रश्न विचार. सत्तरच्या दशकात पश्चिम युरोपात बँका लुटणारा, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या तुरुंगांतून पळालेला हा माणूस बेलग्रेडला परत येतो आणि उजळ माथ्याने फिरतो. रेड स्टार फुटबॉल क्लबच्या चाहत्यांचा म्होरक्या होतो. १९९० मध्ये स्वतःची सशस्त्र सेना उभी करतो. कोणाच्या जोरावर? जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडच्या हॉटेलात त्याला गोळ्या घातल्या, त्याचं वर्णन तुझ्याकडे छान आहे, पण त्याने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

उत्तर तुझ्याच मसुद्यात सातव्या पानावर तळटीपेत पडलंय. ते वर आण. झोरान जिंजिच, मिलोशेविचच्या विरोधकांचा पुढारी.

या माणसाला तू एका ओळीत गुंडाळलंस याचं मला खरंच वाईट वाटलं. ऑक्टोबर २००० मध्ये मिलोशेविचला खाली खेचायला लाखो लोक बेलग्रेडमध्ये उतरले. त्याच्या आदल्या रात्री जिंजिच एका जीपमध्ये लेगियाला भेटला. लेगिया, म्हणजे मिलोराद उलेमेक, गुप्तहेर खात्याच्या विशेष पथकाचा कमांडर. लाल टोप्यांचं हे पथक युद्धात वापरलेलं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सकाळी पळायला गेलेले सर्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष इव्हान स्ताम्बोलिच याच पथकाच्या लोकांनी उचलून नेऊन मारले होते, हे नंतर उघड झालं. लेगियाने त्या रात्री शब्द दिला की पथक लोकांवर गोळ्या झाडणार नाही. झाडल्या नाहीत. पुढे जिंजिच पंतप्रधान झाला आणि पथक जिथल्या तिथे राहिलं. ही तडजोड केली नसती तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर किती प्रेतं पडली असती, हे आज खुर्चीत बसून कोणी सांगू नये. तूही सांगू नकोस.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये याच पथकाने चिलखती गाड्या आणून बेलग्रेडचा हमरस्ता अडवला आणि सरकारला वाकवलं. गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाला जावं लागलं. बेलग्रेडच्या झेमुन भागातली टोळी आणि हे पथक यांच्यातली रेघ तोवर पुसली गेली होती. ड्रग्ज, अपहरणं, खंडणी एका बाजूला, सरकारी ओळखपत्रं दुसऱ्या बाजूला, आणि माणसं तीच. फेब्रुवारी २००३ मध्ये जिंजिचच्या ताफ्यावर ट्रक घालायचा प्रयत्न झाला. तो वाचला. १२ मार्चला दुपारी तो सरकारी इमारतीच्या मागच्या दाराशी उतरला. फुटबॉल खेळताना पाय दुखावला होता म्हणून कुबड्या घेऊन चालत होता. समोरच्या इमारतीतून गोळी आली. ती झाडणारा झ्वेझदान योवानोविच त्याच विशेष पथकातला नोकरीवर असलेला अधिकारी होता. पंतप्रधानाला मारणाऱ्याचा पगार पंतप्रधानाच्याच सरकारकडून निघत होता. लेखाची सुरुवात इथून कर.

नंतर आणीबाणी, ४२ दिवस, आणि 'साब्ल्या' म्हणजे तलवार नावाची मोहीम. अकरा हजारांहून जास्त लोक उचलले. झेमुन टोळीचे दोन म्होरके पोलिसांच्या गोळीने मेले, पथक बरखास्त झालं, २००७ मध्ये लेगिया आणि योवानोविच यांना ४० वर्षांची शिक्षा झाली. खुनामागे राजकीय हात कोणाचा, ते मात्र न्यायालयात कधी तडीला गेलं नाही. त्या अकरा हजारांत निष्पाप किती होते, हाही प्रश्न लेखात यायला हवा.

आता युरोपभर पसरण्याचा भाग. नकाशावर बाण काढून 'माफियाने युरोप व्यापला' असं लिहू नकोस. एक वाट धर आणि तिच्यावरून चाल. मी कोटोरची धरीन. खाडीकाठचं देखणं गाव, पिढ्यानपिढ्या दर्यावर्दी. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या मालवाहू जहाजांवर इथलीच मुलं नोकरीला, त्यामुळे कोकेन आणायला माणूस शोधत लांब जावं लागलं नाही. २०१४ च्या सुमारास स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातून दोनशे किलो कोकेन गायब झालं आणि एकाच टोळीच्या दोन झाल्या, काव्हाच आणि श्काल्यारी. ही कोटोरजवळच्या दोन वस्त्यांची नावं आहेत. तेव्हापासून पन्नासहून जास्त मुडदे पडले: कोटोरमध्ये, पोदगोरित्सात, बेलग्रेडमध्ये, अथेन्समध्ये. आणि डिसेंबर २०१८ मध्ये भर दुपारी व्हिएन्नाच्या लुगेक चौकाजवळ, जिथून तू रोज कॉलेजला जातेस.

आणि कोटोर मोंटेनेग्रोत आहे, सर्बियात नाही. २००६ पासून तो वेगळा देश आहे. या टोळ्यांत दोन्हीकडची माणसं आहेत, म्हणून 'सर्बियन माफिया' हा शब्द लिहिताना दर वेळी थांब. ओटाक्रिंगमध्ये ज्या सर्बियन बाईंकडे तू खोली घेतलीस, त्यांच्यासारखी कष्टकरी माणसं साठच्या दशकापासून व्हिएन्नात येऊन राहिलीत. लेख छापून आल्यावर त्यांच्या समोर चहा प्यायला बसता आलं पाहिजे.

आता बेलग्रेडजवळच्या रितोपेकमधल्या, जिथे खून झाल्याचा आरोप आहे त्या घराबद्दल. स्काय ईसीसी या सांकेतिक संदेश पाठवणाऱ्या सेवेवरचे संदेश पोलिसांनी २०२१ मध्ये फोडले आणि त्यातून फोटो बाहेर आले. बेलग्रेडच्या पार्तिझान फुटबॉल क्लबच्या चाहत्यांतून उभ्या राहिलेल्या टोळीवर तो खटला आहे. त्या घरात काय होत होतं याचं तपशीलवार वर्णन तू केलंयस. निम्मं कापलंय मी. मेलेल्यांच्या आयाही कधीतरी वाचतील. आणि अंतिम निकाल हाती नसेल तिथे 'आरोपी'च लिही, कितीही पुरावा समोर दिसत असला तरी. पत्रकार स्लाव्हको चुरुविया यांना एप्रिल १९९९ मध्ये घरासमोर गोळ्या घातल्या, त्या खटल्यात गुप्तहेर खात्याच्या चार माजी लोकांना आधी शिक्षा झाली आणि २०२४ मध्ये ते निर्दोष सुटल्याचं जाहीर झालं. हे दोन्ही लिही.

शेवटचं, आणि हे आजच कर. लुगेकजवळच्या उपाहारगृहातल्या ज्या वेटरशी तू बोललीस, त्याचं पहिलं नाव, गाव आणि कामाची वेळ, तिन्ही तुझ्या मसुद्यात आहेत. तिन्ही काढ. तुझ्या वहीतूनही काढ, आणि त्याला फोन करून सांग की काढलंय.

पुढचा मसुदा दिवाळीआधी पाठव. नोट पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवली आहे, काढताना जपून, मधल्या घडीवर ती विरायला लागली आहे.

तुझा,
सर