दहावी झाली आहे, जहाजबांधणीत वेल्डर व्हायचंय. आधी आयटीआय करू की थेट मुंबईच्या माझगाव डॉक या जहाज कारखान्याचा अर्ज भरू?

दोन्ही करा. आयटीआयला प्रवेश घेऊन ठेवा आणि डॉकच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. माझगाव डॉक अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, घेतं ते आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा वेगवेगळ्या गटांत. गंमत म्हणजे वेल्डर आणि रिगर (जड भाग दोर-साखळीने उचलून हलवणारा) हे ट्रेड आठवीच्या गटात असतात. दहावीच्या गटात फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरे. वयाची अट कडक असते, ती आधी बघा. परीक्षाही असते.

शिकताना स्टायपेंड मिळतो, पण नंतर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात कंपनीवर नाही. हे घरच्यांनाही आधीच सांगा.

आणि हात तयार करा. आडव्या प्लेटवर वेल्डिंगची रेघ कुणीही मारतो. जहाजाच्या टाकीत उकिडवं बसून डोक्यावरचा जोड मारायचा, तिथे कस लागतो. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढून गरम डब्यातच ठेवायची सवय आत्ताच लावा. ओलावा धरला की जोडाला तडा जातो. पुढे ४५ अंशात बांधलेल्या पाइपाची ६जी ही वेल्डिंग टेस्ट पास झालात, तर खाजगी जहाज कारखान्यांतही विचारतात.