ई आणि क जीवनसत्त्व पॉलिमरच्या नॅनोकणांत भरण्याची गरज काय, आणि दोन्हींना एकच कवच चालते का?

आपला प्रश्न असा आहे की ही जीवनसत्त्वे साध्या गोळीतून मिळत असताना त्यांना जैवविघटनशील पॉलिमरच्या (शरीरात हळूहळू तुटणाऱ्या, लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाच्या) नॅनोकणांत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत, भरण्याचा खटाटोप कशासाठी करतात, आणि दोघांना एकच पॉलिमर चालतो का. मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांबरोबर असे कण तयार केले आहेत, त्या अनुभवावरून लिहिते.

खारवलेला बांगडा फार दिवस राहिला की त्याच्या कडा पिवळसर पडतात आणि तो खवट लागतो, कारण त्यातल्या चरबीवर हवेतल्या ऑक्सिजनची साखळी अभिक्रिया चालू असते. ई जीवनसत्त्व स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते. मात्र जो पदार्थ दुसऱ्याच्या आधी स्वतः ऑक्सिडीकृत होतो, तो बाटलीतही तसाच खर्ची पडतो. क जीवनसत्त्व तर त्याहून नाजूक आहे. पाण्यात विरघळले की हवा, उजेड आणि लोहाचा किंवा तांब्याचा अंश त्याला काही काळातच निकामी करतो. गोळीत कोरडे असेपर्यंत ते टिकते, पण पेयात किंवा मलमात टिकवायचे, किंवा हळूहळू सोडायचे असेल, तर कवचाचा विचार करावा लागतो.

ई जीवनसत्त्वाचे काम तुलनेने सोपे आहे. ते तेलकट असल्यामुळे पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचे रेणू एका साखळीत जोडून बनलेला पॉलिमर, आणि हे जीवनसत्त्व दोन्ही अॅसिटोनमध्ये एकत्र विरघळतात. ते द्रावण स्थिरकारक (कणांना एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) मिसळलेल्या, ढवळत्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले की अॅसिटोन पाण्यात पसरतो, पॉलिमरला विरघळायला जागा उरत नाही आणि तो जीवनसत्त्वाला पोटात घेऊन साधारण 100 ते 300 नॅनोमीटरच्या कणांत गोळा होतो. नितळ पाण्यावर निळसर झाक येते, मग ते पातळ दुधासारखे दिसू लागते. हा क्षण विद्यार्थी कधी विसरत नाहीत. शरीरात पाण्याच्या संपर्काने पीएलजीएची साखळी तुटून तीच दोन आम्ले सुटी होतात, म्हणून याच कुळातले पॉलिमर विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांसाठी 1970 च्या दशकापासून वापरात आहेत.

क जीवनसत्त्व मात्र याच पद्धतीने भरायला गेलात तर कण बनता बनताच ते बाहेरच्या पाण्यात निघून जाते. त्याच्यासाठी कायटोसान बरे पडते. ते कोळंबीच्या टरफलांना कडकपणा देणाऱ्या कायटिनपासून मिळते आणि रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळंबी उतरताना पाहिलेल्या माणसाला या कच्च्या मालाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. टरफलांतले क्षार आम्लाने आणि प्रथिने अल्कलीने काढतात, मग उरलेले कायटिन दाट कॉस्टिक सोड्यात तापवतात. मिळणारे कायटोसान सौम्य अॅसेटिक आम्लात विरघळते, त्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचे ट्रायपॉलिफॉस्फेट (फॉस्फेटचा एक क्षार) थेंबाथेंबाने घातले की दोघे एकमेकांना धरून बारीक कण तयार होतात. हे सारे आम्लधर्मी पाण्यातच घडते, आणि क जीवनसत्त्वालाही अल्कलीपेक्षा तेच मानवते.

तरीही आमची पहिली खेप वाया गेली. कण दिसायला उत्तम होते, पण अनुमापन (द्रावणातला पदार्थ मोजण्याची रासायनिक चाचणी) केल्यावर कळले की जीवनसत्त्व बहुतेक नाहीसे झाले होते. आम्ही द्रावण रात्रभर उघड्यावर ढवळत ठेवले होते आणि भांडी विहिरीच्या पाण्याने धुतलेली होती. त्या पाण्यात लोह उतरते, हे बादलीच्या तळाशी बसणाऱ्या तांबूस थरावरून आम्हाला आधीच समजायला हवे होते. पुढच्या वेळी ऊर्ध्वपातित पाणी घेतले, द्रावणातून नायट्रोजन सोडला, भांड्याला फॉइल गुंडाळले आणि वेळ कमी केला, तेव्हा हिशोब जुळला.

म्हणून कोणी नुसता कणांचा आकार सांगत असेल तर मी त्यावर समाधान मानत नाही. घातलेल्या जीवनसत्त्वापैकी किती आत राहिले, त्यातले किती अजून शाबूत आहे आणि पहिल्या काही तासांत किती एकदम बाहेर पडते, हे तीन आकडे मागावेत. कणांच्या पृष्ठभागावर चिकटलेला भाग लगेच सुटतोच, आणि पॉलिमरची भिंत ऑक्सिजनला पूर्णपणे अडवत नाही, त्यामुळे कण पाण्यात साठवण्यापेक्षा ट्रेहॅलोजसारखी साखर घालून गोठवून सुकवणे चांगले. तुम्ही स्वतः प्रयोग करणार असाल तर ई जीवनसत्त्वापासून सुरुवात करा आणि प्रत्येक खेपेबरोबर तुलनेसाठी जीवनसत्त्व न घातलेल्या कणांची एक खेपही ठेवा.